केस गळणे आणि कोंडा : कारणे व नेमाचे उपचार

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘आरोग्यावर काही उपयुक्त लिहावे’ अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा क्षय, मधुमेह, हृदयविकार असे भारदस्त विषय माझ्यासमोर होते. ते सोडून मी केसांचा विषय घेतला याचे काही वाचकांस हसू येईल. केस गेले म्हणून कोणी दगावत नाही, हे खरेच आहे. परंतु वीस वर्षे वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीस काही गोष्टी पडतात. डोक्यावर रुपयाएवढे टक्कल पडलेला मुलगा खेळाच्या तासाला टोपी काढावी लागेल म्हणून पोट दुखल्याचे सोंग करतो. भांग रुंद होत चाललेली मुलगी हुशार असूनही अगदी शेवटच्या बाकावर बसते, कारण तेथे मागून पाहणारे कोणी नसते. आणि बेताच्या मिळकतीच्या ज्या घरांत दुधाचा हिशेब ठेवला जातो, त्याच घरांत केशवर्धक तेलाच्या बाटल्या मात्र बेहिशेबी येत असतात.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, हकीम नव्हे आणि डॉक्टर तर नव्हेच; शाळेत शास्त्र शिकविणारा एक शिक्षक आहे. म्हणून या लेखात औषधाची चिठ्ठी लिहून दिलेली नाही. रोग ओळखावा कसा, उपचार कशावर चालतो आणि तो किती काळ चिकाटीने करावा लागतो, एवढेच समजावून देण्याचा हेतू आहे.

१. नावे वेगळी, रोग वेगळे

आपण ‘केस गळतात’ एवढे एकच वाक्य बोलतो. जुन्या वैद्यांनी मात्र निरनिराळ्या विकारांस निरनिराळी नावे दिली होती. आयुर्वेदात विरळ होत जाणाऱ्या केसांस खालित्य, ठिकठिकाणी पडणाऱ्या टकलास इंद्रलुप्त आणि डोक्यावरील कोंड्यास दारुणक म्हटले आहे. इंद्रलुप्तास मराठीत चाई म्हणतात. युनानी ग्रंथांत याच चाईचे नाव ‘दाउस्सअलब’, म्हणजे कोल्ह्याचा रोग, असे आहे. ही कल्पना ग्रीकांकडून अरबांकडे आली. ग्रीक भाषेत ‘अलोपेक्स’ म्हणजे कोल्हा. खरजेने कोल्ह्याची लव जागोजाग झडते, त्यावरून ‘अलोपेशिया’ हा शब्द तयार झाला आणि तो आजही डॉक्टरांच्या कागदावर असतो.

शब्दांचा हा खटाटोप येथे एवढ्यासाठी केला की, सगळे विकार एकाच नावाखाली कोंबले म्हणजे एकच तेल सगळ्यांच्या डोक्यावर ओतले जाते. पहिला धडा हा : आधी कोणता विकार ते ओळखा, उपाय मागाहून.

२. केसांचे पंचांग

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. ते सर्व एकाच वेळी वाढत नाहीत. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते. पुढे सुमारे तीन महिने तो मुळात नुसता बसून राहतो आणि अखेर गळून नव्या केसास जागा देतो. कोणत्याही एका दिवशी पाहिले तर १०० पैकी ८५ ते ९० केस वाढत असतात व उरलेले बहुतेक विश्रांती घेत असतात. म्हणूनच निरोगी मनुष्याचेही दररोज ५० ते १०० केस गळतात.

या पंचांगातून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, फणीत चार केस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दुसरी, आज जे केस ओंजळीने गळत आहेत त्यांचे कारण बहुधा आजचे नसते; ते दोन-तीन महिन्यांमागे शोधावे लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो, तेव्हा कोणत्याही औषधाची परीक्षा चार महिन्यांच्या आत होऊ शकत नाही. आंब्याचे रोप लावून पंधरवड्याने मोहोर पाहावयास जाणाऱ्या मनुष्यास आपण वेडा म्हणू. औषधाची बाटली मात्र आपण पंधरवड्यानेच फेकून देतो.

३. गळतीचे मुख्य प्रकार

(अ) आनुवंशिक टक्कल. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू येथून आरंभ होतो. स्त्रियांत कपाळाची रेषा बहुधा तशीच राहते, पण भांग रुंद होत जातो. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या शरीरातील पुरुषी संप्रेरक नाहीसे झाले, त्यांना असे टक्कल पडत नाही. या संप्रेरकापासून शरीरात एक अधिक प्रभावी द्रव्य तयार होते व ज्यांच्या वंशात तशी प्रवृत्ती आहे त्यांच्या केसांची मुळे ते हळूहळू आखडून टाकते. जाड केसाच्या जागी बारीक, बारकाच्या जागी लव आणि शेवटी काही नाही, असा हा क्रम असतो. ही गळती आपोआप थांबत नाही.

(आ) धक्क्यानंतरची गळती. विषमज्वर, डेंगी, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार करून वजन उतरविणे, घरातील मृत्यू, यांपैकी काही घडले की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळू लागतात. २०२० व २०२१ साली करोनातून उठलेल्या पुष्कळांनी हा अनुभव घेतला. ही गळती बहुधा सहा महिन्यांत ओसरते व केस परत येतात. सहा महिने उलटूनही ती चालू राहिली, तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. लोहाची उणीव, कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉईडचा विकार, निकस आहार ही नेहमीची कारणे होत.

(इ) चाई. शरीराच्या संरक्षक पेशी चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करतात व गोल, गुळगुळीत टक्कल पडते. हा संसर्गजन्य रोग नव्हे आणि केस खाणारा कोणी किडाही नसतो. बिब्बा, लसूण असले दाहक पदार्थ चोळून कातडी भाजून घेऊ नये. डॉक्टरांच्या उपचाराने, कित्येकदा आपोआपही, केस परत येतात.

(ई) डोक्याचा नायटा. हा मुख्यतः मुलांत आढळतो. टकलावर खवले दिसतात व केस मुळापाशी तुटलेले असतात. हा मात्र फणी, टोपी, टॉवेल यांतून पसरतो. यास कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. नुसत्या शाम्पूने भागत नाही.

(उ) ओढीची गळती. रोज घट्ट वेण्या किंवा ताणलेला अंबाडा घातल्याने कानशिलांवरचे केस जातात. वेळीच सैल केले तर परत येतात. वर्षानुवर्षे ओढले तर येत नाहीत.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. ५० ते ६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलके ओढावे. सहाहून अधिक केस हातात आले तर गळती चालू आहे असे समजावे. आलेल्या केसाच्या टोकाशी पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून गळलेला होय. नसेल तर तो मध्येच तुटलेला होय, आणि मग दोष मुळात नसून विंचरण्यात, रंगात अथवा इस्त्रीत आहे.

४. घरातील एक चूक

आता मी स्वतःच्या घरातील चूक सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीची वेणी एके काळी मनगटाएवढी जाड होती. अठ्ठाविसाव्या वर्षापासून ती झडू लागली. अम्मीने नजर उतरविली. शेजारणीने कांद्याचा रस सांगितला, दुसरीने मेथी सांगितली. एका दुकानदाराने स्वतः कुटलेली पूड दिली, ती सात महिने चालली. मी स्वतः पगार झाला की तेलाची नवी बाटली घेऊन जात असे आणि भावाचे कर्तव्य केले असे मला वाटे. अशी चार वर्षे गेली.

शेवटी मुलाला लस टोचण्यासाठी ती दवाखान्यात गेली असता तेथील डॉक्टरीणबाईंनी मुलाचे झाल्यावर तिलाच बसवून घेतले. त्यांनी डोक्याकडे पाहिलेच नाही. खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि रक्त तपासावयास पाठविले. रक्तातील हिमोग्लोबिन ७ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असू नये. मासिक स्राव फार जात असल्याचे तिने चार वर्षे कोणाजवळ काढले नव्हते. त्यावर इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सहा महिने चालल्या. चौथ्या महिन्यात उशीवरचे केस कमी झाले.

बरे वाटू लागल्यावर ती मला एवढेच म्हणाली, “भाईजान, जिना चढताना मी मध्येच बसायची, ते तुम्ही पाहिलं होतं ना?” मी पाहिले होते. दरवर्षी फळ्यावर तांबड्या रक्तपेशींची आकृती काढून रक्तक्षयाची लक्षणे मुलांकडून पाठ करून घेणारा मनुष्य मी. परंतु घरी गेल्यावर मला वेणी दिसली, बहीण दिसली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा ही केवळ माझ्या घरची गोष्ट नव्हे. स्त्रीचे केस महिनोन् महिने गळत असतील तर तेलाच्या दुकानाआधी रक्ततपासणीची पायरी चढावी.

५. शेगावचा प्रसंग आणि हैदराबादची रांग

केस हे आतल्या बिघाडाची सूचना कशी देतात याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रात नुकतेच घडले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी १८ गावांतील २७९ लोकांचे केस एकाएकी, कित्येकांचे तीन-चार दिवसांत, गेले. त्यांत महाविद्यालयात जाणारे तरुण आणि मुली पुष्कळ होत्या. कोणाचे शिक्षण अडले, कोणाचे ठरलेले लग्न मोडले. लाज नको म्हणून काहींनी डोकेच तासून घेतले. प्रथम पाण्याचा, मग बुरशीचा संशय घेण्यात आला. विंचूदंशावरील संशोधनामुळे विख्यात झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन नमुने तपासून घेतले. रक्त, लघवी व केस यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले आणि जस्ताचे घटलेले त्यांना आढळले. रेशनवर मिळालेल्या, बाहेरच्या राज्यातून आलेल्या गव्हात हे सेलेनियम होते असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तो गहू खाणे सोडल्यावर काहींचे केस परत येऊ लागले. अशा वेळी डोक्यावर काय चोळावे हा प्रश्नच चुकीचा ठरतो. पोटात काय जात आहे हा खरा प्रश्न.

दुसरा प्रसंग आपल्या दारातला आहे. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादच्या जुन्या शहरात व उप्पल येथे, टकलावर केस उगवून देतात अशी वार्ता ऐकून शेकडो लोकांनी रांगा लावल्या. डोके आधी तुळतुळीत करावयाचे आणि मग त्यावर औषध लावून घ्यावयाचे, अशी रीत होती. औषध लावल्यावर डोक्याची आग झाली, अशा तक्रारी पुढे वृत्तपत्रांत आल्या. त्याच्या आदल्या महिन्यात पंजाबातील संगरूर येथे अशाच एका शिबिरात तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांस डोळ्यांच्या दाहामुळे रुग्णालय गाठावे लागले होते.

हैदराबादच्या त्या रांगेत माझा एक जुना विद्यार्थीही होता. त्याला मी रागावलो नाही. सहा महिने धीर धरा असे सांगणाऱ्यापेक्षा एका दुपारी केस देतो म्हणणारा मनुष्य कोणालाही गोड वाटतो. मात्र एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. आपल्या औषध नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे रोग औषधाने बरे होतात असा दावा करण्यास मनाई आहे अशा रोगांची यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे आणि नवे केस उगविणे हेही आहे. तेव्हा ‘हमखास’ हा शब्द दिसताच पाऊल मागे घ्यावे.

६. कोंडा म्हणजे काय?

कोंड्याचा विषय मी अधिकाराने लिहू शकतो, कारण वीस वर्षे तो माझ्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर होता. मुलांची नजर तिकडे गेली की ‘खडू’ असे म्हणून मी तो झटकून टाकी. एके दिवशी एका मुलाने अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, आज तर आपण फळ्यावर काहीच लिहिलं नाही.” त्या दिवशी मी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो.

तेथे जे समजले ते असे. आपल्या सर्वांच्या डोक्याच्या त्वचेवर एक सूक्ष्म किण्व, म्हणजे यीस्टच्या जातीची बुरशी, राहते. १८७४ साली फ्रान्समधील लुई-शार्ल मालासे यांनी तिचे वर्णन केले व पुढे त्यांच्याच नावावरून तिला मालासेझिया हे नाव मिळाले. तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट द्रवावर ती जगते. प्रयोगशाळेतही तिची एक जात वाढवावयाची तर वर ऑलिव्ह तेल घालावे लागते! तेल पचविताना ती जी आम्ले मागे सोडते, त्यांचा काही लोकांच्या त्वचेस त्रास होतो. मग त्वचा घाईघाईने नव्या पेशी तयार करू लागते, आणि ज्या जुन्या पेशी नकळत एकेकट्या गळून जावयाच्या त्या पापुद्रे होऊन पडतात. तोच कोंडा.

यावरून कळेल की कोंडा म्हणजे अस्वच्छपणा नव्हे आणि तो दुसऱ्याच्या फणीतून आपल्याला लागतो असेही नाही. त्याने एकट्याने टक्कल पडत नाही. परंतु दाह व सततचे खाजविणे यांमुळे गळती वाढू शकते. कोंडा अंगणातील गवतासारखा आहे. ते एकदा उपटून चालत नाही, आणि पुन्हा उगवले म्हणून खुरपे वाईट ठरत नाही. ही बुरशी आपल्या डोक्यावरची कायमची रहिवासी असल्यामुळे तिची संख्या कमी ठेवता येते, तिला कायमची हद्दपार करता येत नाही.

उपचार साधा आहे. २ टक्के केटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू बहुधा आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरावयास सांगतात. त्यानंतर कोंडा परतू नये म्हणून आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा. झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड, सॅलिसिलिक आम्ल, डांबर यांचेही शाम्पू असतात; एकाने महिनाभरात गुण आला नाही तर डॉक्टर दुसरा देतात. (शेगावच्या गव्हातले आणि या शाम्पूतले सेलेनियम मूलद्रव्य एकच, पोटात अति गेले तर घात करते, त्वचेवर बेताने लावून धुऊन टाकले तर उपकार करते.) येथे नव्वद टक्के लोक करतात ती चूक मीही करीत होतो : शाम्पू केसांना लावून लगेच धुऊन टाकणे. तो केसांना नव्हे, त्वचेला लावावयाचा आणि घड्याळ पाहून तीन ते पाच मिनिटे ठेवावयाचा असतो. भुवया, नाकाच्या बाजू, कानांमागे लाल खवले असतील किंवा डोक्यावर जाड रुपेरी पापुद्रे असतील, तर तो साधा कोंडा नव्हे, डॉक्टरांस दाखवावे.

७. तेल, पाणी आणि टोपी

तेलाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेले व मोहिले या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, खोबरेल केसाच्या आत शिरून त्यातील प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाचे व खनिज तेल तसे करीत नाही. आजीचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले. परंतु हा लाभ उगवलेल्या केसाचा आहे, मुळाचा नव्हे. दाट, तेलकट कोंडा असेल तेव्हा त्वचेवर रात्रभर तेल थापून ठेवणे बरे नव्हे. केसांना लावावे, नंतर धुवावे. मालिश सुखद असते हे सर्व जगाने मान्य केले आहे. ‘शाम्पू’ हा शब्दच मुळी हिंदी ‘चाँपना’ यावरून इंग्रजीत गेला, आणि पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहंमद यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून तेथील राजालाही तिची गोडी लावली. शिकेकाई व रिठा यांनी केस स्वच्छ होतात; पण औषधी शाम्पूचे काम त्यांच्याकडून होत नाही.

नांदेड-परभणीकडून येथे येणारी मंडळी सर्व दोष बोअरच्या पाण्यास देतात. जड पाण्याने केस राठ होतात हे खरे. मुळातून टक्कल पडते असे सिद्ध झालेले नाही. टोपीचेही तसेच. माझ्या टकलास आमच्या शाळेतील एक सहकारी माझी टोपी कारण सांगत. मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या उघड्या टकलाचे कारण विचारले, तेव्हा तो विषय मिटला. टोपी किंवा हेल्मेट स्वच्छ ठेवावे एवढेच; अपघातापासून वाचविणाऱ्या वस्तूस केसांसाठी दूर करू नये.

८. आनुवंशिक टकलावरील औषधे

आज दोन औषधांचा उपयोग पुराव्याने मान्य झालेला आहे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहण्याची कल्पना निघाली आणि १९८८ साली अमेरिकेत त्यास टकलासाठी मान्यता मिळाली. हैदराबादेतच १९८४ साली स्थापन झालेली डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज ‘मिनटॉप’ या नावाने ते तयार करून विकते. हे जाहिरातीसाठी लिहीत नाही. हे औषध परदेशातून मागवावे लागते असा काहींचा समज आहे, तो दूर व्हावा म्हणून लिहिले.

या औषधाची एक खोड आधीच माहीत असावी. पहिल्या दोन महिन्यांत केस उलट अधिक गळतात, कारण विश्रांती घेणाऱ्या जुन्या केसांना नवे केस ढकलून बाहेर काढतात. हे न समजल्यामुळे मी स्वतः तेहतिसाव्या वर्षी सहाव्या आठवड्यातच बाटली फेकून दिली. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात, पूर्ण परीक्षा वर्षाने होते, आणि औषध सोडले की मिळविलेले केस तीन-चार महिन्यांत जातात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय लावू नये.

दुसरे औषध फिनास्टेराइड; १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झालेली ही गोळी मुळे आखडविणारे द्रव्य कमी करते. काहींना तिने पुरुषशक्तीसंबंधी अथवा मनाच्या उदासीनतेच्या तक्रारी होतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीस हातही लावू नये. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. ती शिकलेल्या डॉक्टरांचे काम, केशकर्तनालयाचे नव्हे.

९. नेम कसा राखावा?

आपल्या सिकंदराबादचे नाव वैद्यकाच्या इतिहासात एका डॉक्टराच्या चिकाटीमुळे गेले. रोनाल्ड रॉस यांनी १८९५ पासून डासांमागून डास चिरून पाहिले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक, वही आणि धीर होता. आपल्याला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही; वही आणि धीर पुरे.

मी एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा आरंभ केला तेव्हा साध्या शंभर पानी वहीत पुढीलप्रमाणे नोंद ठेवली :

पहिला दिवस : टाळू, कपाळ व भांग यांची छायाचित्रे. जागा, उजेड व अंतर लिहून ठेवावे, कारण पुढे तेच राखावयाचे आहे. मागील सहा महिन्यांतील आजार व औषधे यांची यादी करून डॉक्टरांस दाखवावी.

पहिला महिना : कोंड्याचा शाम्पू ठरलेल्या वारी; लावल्यावर तारखेपुढे खूण. रोज आरशात टक्कल तपासू नये.

दुसरा महिना : गळती वाढली तरी डॉक्टरांस विचारल्याशिवाय औषध बदलू नये.

चौथा महिना : त्याच जागी छायाचित्र. येथे गळती थांबली असेल तर तेवढेच यश मानावे.

सहावा व बारावा महिना : छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावी. उपयोग नसेल तर उपचार बदलण्याचा निर्णय आता, डॉक्टरांसमवेत.

औषध लावणे एखाद्या नेमाच्या गोष्टीस जोडून द्यावे. मी ते पहाटेच्या व रात्रीच्या नमाजनंतर लावतो, त्यामुळे आठवण करून द्यावी लागत नाही. कोणी पूजेनंतर लावावे, कोणी दात घासल्यावर. खर्चाचाही विचार पहिल्याच दिवशी करावा. जे औषध वर्षभर परवडणार नाही ते दोन महिने घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा डॉक्टरांस तसे स्पष्ट सांगून स्वस्त पर्याय मागावा. त्यात लाज नाही.

फळ काय मिळाले, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझे कपाळाचे कोपरे परत भरले नाहीत. टाळूवरचे केस जेथे होते तेथे थांबले व थोडे दाट झाले. कोंडा पंधरवड्यातील एका शाम्पूवर आवरलेला आहे. दोन वेळा आळस केला, दोन्ही वेळा तो परत आला. आता खांद्यावर पांढरे दिसले तर तो खरोखर खडूच असतो.

आणि ज्यांना हे सर्व करावयाचे नसेल त्यांनी न करावे. टक्कल हा गुन्हा नव्हे, त्यावर उपचार न करणे हाही नव्हे. मात्र ठिपक्यासारखे टक्कल, दुखणारी वा पू येणारी जागा, मुलाच्या डोक्यावरील खवले, एकाएकी ओंजळीने होणारी गळती आणि गळतीबरोबर येणारा थकवा यांकडे कोणीही दुर्लक्ष करू नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. आज गळणाऱ्या केसांचे कारण दोन-तीन महिन्यांमागे का शोधावे?
२. चाई व डोक्याचा नायटा यांत फरक काय? कोणता संसर्गजन्य?
३. कोंड्याचा शाम्पू किती वेळ ठेवावा, व कोंडा गेल्यावरही तो मधून मधून का वापरावा?
४. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढते, याचा अर्थ काय?
५. आपल्या घरात ज्या कोणाचे केस गळत आहेत, तिला अथवा त्याला जिना चढताना दम लागतो काय, हे आपण विचारले आहे काय? नसल्यास आजच विचारावे.